सहावा वाटा

इमाम, तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुलाच लिहायला बसलो आहे. हैदराबादेतल्या तुझ्या भावाला गेलेलं एकूण एक पत्र मी लिहिलं, त्याची आलेली पत्रंही मीच तुला वाचून दाखवली. आता हे कोण कुणाला वाचून दाखवणार? पण तुला जाऊन काल चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. आज सकाळपासून वाडग्यात शेळ्या ओरडताहेत आणि त्यांना रानात न्यायला माझ्याच्यानं उठवत नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. एक-दोन दिवस नाही, आठ वर्षं राहिली आहे.

लोक भेटले की म्हणतात, सटवाजी, जोडीदार गेला तुमचा. मी मान हलवतो. त्यांना वाटतं, आपण शेवटपर्यंत लहानपणी होतो तसेच होतो. वरून दिसायचंही तसंच. तू माझ्या ओसरीवर येत होतास, पाणी पीत होतास, पत्रं सांगत होतास. मधे काय बिघडलं होतं ते तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, आणि दोघांनीही तोंडं शिवून घेतली होती.

माझं घर शेळ्यांचं, तुझं घर सुरीचं. गावात लग्न असो, जत्रा असो, दर्ग्याच्या नवसाची कंदुरी असो, बोकड कुणाचाही असला तरी बिस्मिल्ला म्हणणार तू. मुलाण्याच्या हाताशिवाय कापलेलं आपल्या गावात कुणी खात नसे, अगदी पाटलाच्या घरीसुद्धा. आणि बोकडाचे पाय धरायला मी. बारा-तेरा वर्षांचा असेन, तेव्हा तुझ्या बापाने पहिल्यांदा हाक मारली, "ये रे सटव्या, धर." तेव्हापासून धरत आलो. तुझा बाप गेला, सुरी तुझ्याकडे आली, पाय माझ्याकडेच राहिले.

तुझी एक रीत होती. आधी जनावराला पाणी दाखवायचं, ते पोटभर पिईस्तोवर थांबायचं, आणि तोवर सुरी पाठीमागे लपवायची. पाटलाचा गडी घाई करायचा, तू हलायचा नाहीस. मी एकदा विचारलं, "एवढं लपवून काय करतो? मरायचं तर हायेच त्याला."

"दिसली तर भेतंय. भेलं की मटन कडक व्हतं."

"म्हंजी दया न्हाई, मटनासाठी?"

"दोनीबी हाय बे. धर नीट."

खाण्यात मी तुझ्या एक पाऊल पुढेच होतो. तू खायचास तो कामाचा माणूस भूक लागली म्हणून खातो तसा. मी जीव लावून खायचो. चिंचेखाली निखाऱ्यावर भाजलेली कलेजी, वर नुसतं मीठ आणि तिखट, ती गार व्हायची वाट मी कधी पाहिली नाही. जीभ भाजून घ्यायचो आणि तू हसायचास. तुझं ते हसणं चावडीपर्यंत जायचं. माझी बायको होती तोवर येसुराच्या मसाल्याचा रस्सा तिच्या हातचा. ती गेल्यावर तू तुझ्या बायकोला, चांदबी भाबीला, सांगून ठेवलंस की आपल्याकडे शिजेल त्या दिवशी दोन भाकरी जास्त थापायच्या. मी न सांगता येऊन बसायचो. माझ्या लेकी सासरी, घरात चूल पेटवायला कुणी नाही. त्या दोन भाकरींनी मला धरून ठेवलं होतं, इमाम. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही.

आता ती गोष्ट.

महसुलाचे गिरदावर साहेब दौऱ्यावर आले होते. पाटलाने माझ्या वाडग्यातून बोकड उचलून नेला, ते नेहमीचंच होतं. मोठा नव्हता, वर्षाचा असेल. नाव-बिव काही ठेवलेलं नव्हतं, लाडाचाही नव्हता. चावडीमागे मी त्याला धरून बसलो, तू पाणी आणलंस. उन्हाळ्याचे दिवस, माझ्या अंगाला घामाच्या धारा. बोकड थोडं पाणी प्याला, मग त्याने मान वळवली आणि माझं मनगट चाटायला लागला. तुझं लक्ष नव्हतं, तू पाटलाच्या गड्याशी हुज्जत घालत होतास. तो आपला चाटतोय, खरबरीत जिभेने, सावकाश, अंगठ्यापासून कोपराकडे.

मी शेळ्या राखणारा माणूस आहे. शेळी घामाचं मीठ चाटते हे मला जन्मापासून माहीत. त्याने मला ओळखलं नव्हतं, माझ्याकडे काही मागितलंही नव्हतं. त्याला मीठ हवं होतं, एवढंच. मग तू वळलास, म्हणालास, "धर." मी धरलं. काम झालं. माझं मनगट तोवर वाळलंसुद्धा नव्हतं.

बस, एवढंच आहे. याच्यापलीकडे काही नाही.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे बसून पोटभर जेवलो, हेही सांगतो. चव तीच लागली. मला वाटलं, सुटलो. पण पुढल्या खेपेला तू हाक मारलीस तेव्हा कंबर धरलीय म्हणालो. त्याच्या पुढल्या खेपेला दिंद्रुडच्या बाजाराला निघून गेलो. पाय धरायचे सुटले, खाणं काही सुटलं नव्हतं. मग मी स्वतःशी कायदे करायला लागलो. आपल्या वाडग्यातलं खायचं नाही, दुसऱ्याचं चालेल. ते काही महिने टिकलं. मग कलेजी नको, मग मुंडी नको. मग फोडी नको, नुसता रस्सा. रश्शात भाकरी कुस्करायची आणि फोडी ताटाच्या कडेला सारायच्या. तुझी बायको बघायची. तू बघायचास आणि माझ्या फोडी उचलून आपल्या ताटात घ्यायचास. विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल, दात दुखत असतील.

मधे कड्याला बहिणीकडे गेलतो, तेव्हा सगळे कायदे धाब्यावर बसवले. तीन दिवसांत दोनदा मटण, वर एकदा कोंबडी. बहीण म्हणाली, "दादा, खा की, वाळलास लई." मी हावरटासारखं खाल्लं आणि झोपही छान लागली. पाप केलं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुसरा कुणी खात बसला तर त्याच्या ताटाचा वास मला आजही गोड लागतो. चीड येत नाही, किळस येत नाही. फक्त घास हातात घेतला की मनगटावर ते खरबरीत काहीतरी येतं. कड्याहून परत आलो आणि महिन्याभरात रस्साही सुटला.

हे सगळं सरायला दोन वर्षं गेली. आणि त्या दोन वर्षांत मी तुला याबद्दल एका शब्दाने बोललो नाही.

मग तो धुळवडीच्या दिवसाचा वाटा. आठवतं ना? आपण सहा घरं मिळून बोकड घ्यायचो. तू पळसाच्या पानांवर सहा वाटे लावायचास, हाडं-फोडी सारख्या, काळजाचे तुकडे मोजून. मग एकाने पाठ फिरवून बसायचं. तू एका वाट्यावर हात ठेवून विचारायचास, "ह्यो कुणाचा?" आणि पाठ फिरवलेल्याने न बघता नाव घ्यायचं, म्हणजे कुणाला कमी-जास्त झालं तरी भांडण नको. पाठ फिरवून बसायचं काम वर्षानुवर्षं माझं. त्या दिवशीही बसलो. तू विचारत गेलास, मी नावं घेत गेलो. पाच नावं घेतली.

"आन् ह्यो?"

सहावं नाव माझं होतं.

"सटव्या, ह्यो कुणाचा बे? एक ऱ्हायला."

"माझा धरू नका," मी म्हणालो. "मी सोडलंय."

पाठ तशीच होती माझी. तुझा चेहरा मी बघितला नाही. मागे कुणीतरी हसून म्हणालं, "बुवाचं ऐकलं व्हय?" आणि मी, इमाम, मान हलवली.

माझ्या सगळ्या आयुष्यातलं ते मान हलवणं मला परत घेता आलं तर बाकी काही नको.

कारण तो बुवा. त्या साली चार महिने मारुतीच्या पारावर मुक्काम ठोकून बसला होता. मांस सोडा म्हणायचा, ते एक वेळ ठीक. पण त्याच दमात म्हणायचा, मुलाण्याचा हात कशाला लावून घेता, त्याच्या हातचं पाणीसुद्धा नको. चार घरांनी त्याचं ऐकून तुला बोलावणं बंद केलं होतं. तुझ्या दाराशी बसणाऱ्या एक-दोघांनी वाट बदलली होती. तू वरवर हसण्यावारी नेत होतास, पण भाबीने मला सांगितलं होतं की तुला जेवण जात नाही. हे सगळं माहीत असून मी मान हलवली. मला काय, एक आयतं कारण मिळालं, आता कुणी जास्त विचारणार नाही, एवढंच सुचलं. त्याचा घाव कुठे बसेल ते मी पाहिलंच नाही. पाठ करून बसलो होतो ना.

तू सहावा वाटा उचलून घरी नेलास. संध्याकाळी भाबीने शिजवला, निरोप आला, मी गेलो नाही.

चार दिवसांनी तू खळ्यावर आलास. मी ज्वारी उफणत होतो.

"सटव्या, एक विचारू? माझ्या हाताचं वंगाळ वाटाया लागलं का तुला?"

"तसं न्हाई."

"मग त्या बुवानं सांगितलं म्हणून?"

"तसंबी न्हाई."

"मग कावून सोडलं बे? माझ्या आधी ताटावर बसणारा गडी तू. सांग की तोंडावर. मी काय तुला मारतो?"

मी सूप वर धरलं आणि म्हणालो, "वारा हाय तवर उफणून घेतो. मग बोलू."

तू खळ्याच्या कडेला बसलास. वारा पडला, मी सूप खाली ठेवलं. तू माझ्याकडे बघत होतास. मी ज्वारीची रास सारखी करायला लागलो, मग पोती शोधायला लागलो. तू उठलास, धोतर झटकलंस आणि गेलास.

का नाही सांगितलं? एक तर तू हसला असतास. शेरडं राखणाऱ्याचा हात शेरडाने चाटला म्हणून गड्याने मटण सोडलं! चावडीवर वर्षभर पुरलं असतं. मला हसलेलं सोसत नाही, लहानपणापासून नाही, तुला माहीत आहे. पण तेवढंच नव्हतं. मला वाटायचं, हे सांगणं म्हणजे तुझ्या कामाला नाव ठेवणं. जे तू रोज करतोस, तुझ्या बापाने केलं, ज्यावर तुझं घर चालतं, ते मला बघवेना झालंय, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? बुवानेही तेच सांगितलं होतं, दुसऱ्या शब्दांत. तुला माझ्यात आणि त्याच्यात फरक कळला नसता असं मला वाटलं. तुला मी एवढंच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तू ओसरीवर आलास, भावाला पत्र सांगायला. बसलास, पाणी प्यालास आणि म्हणालास, "सटवाजी, बरं हाय ना तुमचं?"

मी वर बघितलं. तू कागदाकडे बघत होतास. चाळीस वर्षांत तू मला कधी सटवाजी म्हणाला नव्हतास, तुमी तर नाहीच. मला वाटलं चेष्टा करतोयस, हसायला तोंड उघडलं होतं. पण तू पत्र सांगायला लागलास, "लिवा, अम्मीचा सलाम…" आणि मी लिहायला लागलो. त्यानंतर आठ वर्षं तुमीच. मान देऊन देऊन तू मला लांब बसवलंस.

मटण सोडल्याने माणूस कुठे पोचतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या जेवणात मला माळकऱ्यांच्या पंगतीला बसवायला लागले. ती माणसं चांगली, पण तिथे सगळे देवाचं बोलणार आणि माझ्या गळ्यात माळ ना तोंडात अभंग. मी मुकाट्याने भात कालवायचो आणि पलीकडच्या पंगतीत कोण काय बोलून हसतंय ते ऐकायचा प्रयत्न करायचो. कंदुरीला तर जाणंच सोडलं. तुझ्या घरी शिजे त्या दिवशी वास माझ्या ओसरीपर्यंत यायचा. मी चुलीवर पिठलं हाटायचो आणि दार लावून घ्यायचो. मला मटणाची आठवण यायची नाही असं नाही, यायची. पण त्याहून जास्त त्या दोन भाकऱ्यांची यायची.

किती वेळा ठरवलं, आज सांगू. पत्र लिहून झालं की सांगू. तू गेल्यावर दौत तशीच उघडी टाकून मी स्वतःला शिव्या घालत बसायचो.

मग तुला ताप आला. बीडहून हकीम आणला, त्याने सांगितलं यखनी पाजा, बोकडाच्या पायांची, अंगात ताकद येईल. भाबीने केली. तुझ्या पोटात ठरेना, वास आला तरी तोंड फिरवायचास. मी गेलो तेव्हा खोली माणसांनी भरलेली, सगळे तुला घोटभर घे म्हणत होते. तू माझ्याकडे बघितलंस. डोळे खोल गेलेले, पण त्यात ते जुनं मिश्कील काहीतरी होतं.

"बसा," म्हणालास. आणि मग, "तुमी सोडलं. आता मीबी सोडलं."

सगळे हसले. मीही हसलो. इमाम, तू दार उघडलं होतंस. आठ वर्षांनी तू स्वतःहून तिथे येऊन उभा राहिला होतास, आणि मी चार लोकांबरोबर हसलो आणि म्हणालो, "बरा व्हशील, मग खाशील." उद्या एकटा असशील तेव्हा येऊन सांगेन असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा लोक दारातच उभे होते.

काल दिंद्रुडहून दुसरा मुलाणी आला होता. आपल्या गावात आता मुलाणी नाही. तुझ्या लेकी आपापल्या घरी, तुझी सुरी भाबीने कापडात गुंडाळून ठेवली आहे. बोकड मी नेला. भाबी नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पाय धरायला कुणी पुढे येईना तेव्हा मीच बसलो. इतक्या वर्षांनी. त्या माणसाला घाई होती, पाणी पुरतं पिऊ दिलं नाही त्याने. मी म्हणालो, "थांबा जरा." तो थांबला. तुझ्यासारखा नाही, पण थांबला.

जेवणं झाली, माणसं उठत आली, तेव्हा मी ताटावर बसलो. भाबीने माझ्यासाठी नव्या मडक्यात वरण वेगळं शिजवलं होतं. मी म्हणालो, "भाबी, रस्सा वाढा. फोडी घाला."

"तुमी खाता?"

"आज खातो."

माझं ठरलं होतं. भाबीसमोर बसून खायचं. तू तर गेलास, पण निदान तुझ्या घराला कळावं की माझ्या मनात तुझ्या हाताबद्दल काही नव्हतं. तिने वाढलं. वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं, लपवत नाही. मी भाकरी मोडली, फोड हातात घेतली.

"कुणासाठी खाता, भावजी?" भाबीने विचारलं.

"त्याच्यासाठी."

"त्यांना कुठं दिसणार हाय आता."

मग मी फोड ताटात ठेवली आणि सगळं सांगितलं. गिरदावर, बोकड, घाम, मनगट. आठ वर्षं जे अडलं होतं ते चार वाक्यांत संपलं. मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो. ती उंबऱ्यावर बसली.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मग त्यांना कावून न्हाई सांगितलं?"

"हसला असता."

"हसले असते की," ती म्हणाली. "लई हसले असते. चार दिस तुमच्या वाडग्यात बसून शेरडापुढं हात धरला असता, बघू मला चाटतंय का म्हणून."

आणि तीच जराशी हसली, मग पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुमच्याकडं निघाले की राखेनं हात घासायचे. कोपरापत्तुर. एकदा घासायचे, हुंगून बघायचे, परत घासायचे. गावात दुसऱ्या कुणाकडं जाताना कधी न्हाई. मी म्हणायचे, आवो, कातडं निघंल. तर म्हणायचे, सटव्याला वास येत आसंल, पर त्याला सांगवत न्हाई."

ती उठून आत गेली. मी रिकाम्या अंगणात त्या ताटापुढे बसून राहिलो. आठ वर्षं मला वाटत राहिलं की तू माझ्यावर रागावला आहेस. तू हात धूत होतास, इमाम.